पाऊण दिसाचा पैरा

"पैसं घेणार न्हाईत म्हंजे? मग पैऱ्यानं आल्यात व्हय?"

हा प्रश्न आक्कांनी मला नाही, त्यांच्या मुलाला विचारला. मी नुकतीच गोठ्याच्या भिंतीकडेला स्कूटर लावली होती आणि स्वेटर काढावा की राहू द्यावा या विचारात उभी होते. दादांनी त्यांच्या परीनं माझी ओळख करून दिली होती, "राजारामपुरीतल्या मॅडम. आपल्या भाजीचं गिऱ्हाईक. आज दिवसभर रानात काम करणार, सोशल वर्क म्हणून." त्यावर आक्कांनी मला चपलेपासून टोपीपर्यंत एकदा नीट बघून घेतलं. "सोशल वर्क? आपल्यात काय झालंय?"

दादांना उत्तर सुचेना. मला तर मुळीच सुचेना. शेवटी मी म्हटलं, "हो आक्का, पैऱ्यानंच." शब्द ऐकून माहीत होता. तो बोलून आपण काय कबूल करतोय, हे माहीत नव्हतं.

दादा दर शनिवारी सकाळी मोटरसायकलला दोन क्रेट बांधून आमच्या गल्लीच्या तोंडाला उभे राहतात. मेथी, पोकळा, वांगी, कधी घेवडा, थंडीत गाजरं. दीडेक वर्ष मी त्यांच्याकडून भाजी घेतेय. एका सीएंच्या ऑफिसात मी हिशेब लिहिते. जानेवारीत जरा उसंत असते, पुढे मार्चअखेरपर्यंत मान वर करता येत नाही. एका शनिवारी सहज विचारलं, "एखाद्या रविवारी येऊ का हो रानात? पैसे वगैरे नकोत, काहीतरी काम द्या." ते म्हणाले, "या की. आठला या."

आठला काही पोचले नाही. शिवाजी पुलावर धुकं एवढं, की खाली पंचगंगेचा घाटसुद्धा दिसत नव्हता. पूल ओलांडला तर पुढे उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागे आम्ही सगळे मुंगीच्या पावलानं. त्यात रविवार, म्हणजे जोतिबाचा वार. पहाटेचं दर्शन घेऊन गुलालानं माखलेली पोरं समोरून तिघं-तिघं गाडीवर येत होती. केर्लीच्या अलीकडे डावीकडची पाणंद शोधण्यात आणखी पंधरा मिनिटं गेली. रानात पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. या साडेनऊची नोंद झालेली आहे हे मला संध्याकाळी कळलं.

रान अडीच एकराचं. तीस गुंठे ऊस, वीस गुंठे भाजी, आणि उरलेल्या पन्नास गुंठ्यांत पावसाळ्यात भात. आत्ता तिथं हरभरा आणि थोडा गहू होता. एक खिलार गाय, तिची पाडी, दोन म्हशी. शेजारच्या बांधाला नेपियर गवताची उंच भिंत. ती वैरणीला होतेच, पण मूळ काम शेजारच्या फवाऱ्याचा वारा अडवायचं. नाहीतर दादांनी सेंद्रिय करायचं आणि औषध पलीकडून यायचं.

वहिनींनी मला दादांचा जुना फुल शर्ट दिला. त्यांनी स्वतः साडीवर तसलाच घातला होता. "उसात जायचं झालं तर कूस लागतीया," म्हणाल्या. कूस म्हणजे उसाच्या पानावरची बारीक, टोचणारी लव. मग हातात खुरपं दिलं आणि लसणाच्या वाफ्यात नेऊन बसवलं. आता मुद्द्याचं सांगते. सेंद्रिय शेती म्हटलं की मला शेणखत, गांडुळं, देशी गाय असलं काहीबाही डोळ्यांपुढे यायचं. प्रत्यक्षात ती भांगलण आहे. तणनाशक मारायचं नाही म्हटल्यावर प्रत्येक काडी कुणीतरी वाकून, हातानं काढायची. रोजगारी बाईला दिवसाला तीनशे द्यावे लागतात, आणि तेवढे देऊनसुद्धा बायका मिळत नाहीत, कारण सगळ्यांचं भांगलायला एकदमच येतं. आक्का पैऱ्याचं नाव ऐकून का खुलल्या ते मला तिथं समजलं.

वहिनींनी पैरा समजावून सांगितला. आज मी तुमच्यात, उद्या तुम्ही आमच्यात. पैशाची देवघेव नाही, दिवसाला दिवस. माणसाला माणूस, बैलाला बैल. पूर्वी एकेकच बैल असलेली दोन घरं पैऱ्यानं औत जुंपायची. आता ट्रॅक्टर आला, ऊस तोडायला बाहेरच्या टोळ्या येतात, सगळं रोखीत गेलं. आक्कांच्या भावकीतल्या तीन-चार घरांत तेवढा तो अजून टिकून आहे.

मी मातीत फतकल मारून बसले आणि कामाला लागले. दोन मिनिटांत मागून आवाज आला, "बसून भांगलण होती व्हय? जेवायला बसल्यासारखी बसलीया." उकिडवं बसायचं, एक गुडघा जरा पुढं, आणि बसल्या बसल्याच बदकासारखं सरकत जायचं. खुरपं वरनं खुपसायचं नाही. पातं जवळजवळ आडवं धरून मुळाखालनं सारायचं, डाव्या हातानं तण धरून ओढायचं, माती झटकायची आणि बांधावर टाकायचं. आक्कांचं हे सगळं एका हालचालीत व्हायचं, आणि वर त्या वहिनींशी कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. माझं चार तुकड्यांत होत होतं आणि बोलायला दम उरत नव्हता.

लसणात सगळ्यात जास्त तण होता लव्हाळा. दोन महिन्यांचा लसूण आणि लव्हाळा शेजारी शेजारी उभे असले की माझ्यासारखीला दोन्ही हिरव्या काड्याच. अर्धा तास मी मोठ्या उत्साहानं काम केलं. आक्का माझ्या वाफ्याशी आल्या, बांधावरचा माझा ढीग पायानं पसरला आणि काही न बोलता त्यातून एकेक काडी वेचून पदरात टाकायला लागल्या. मी मोजल्या. अकरा होत्या. अकरा लसणाची रोपं मी मुळासकट उपटली होती.

"वास यीत न्हाई व्हय गं तुला?"

सकाळचं 'तुमी' तिथं संपलं. त्यांनी एक लव्हाळा माझ्या बोटांत दिला. "फिरव." फिरवला. दांडा गोल नव्हता, तीन धारी होता, पेन्सिलीसारखा बोटांत अडत होता. लसणाची पात चपटी, मधे घडी पडल्यासारखी. एकदा बोटांना कळल्यावर डोळ्यांनी बघायची गरजच राहत नाही. मग त्यांनी लव्हाळ्याच्या बुडाशी खुरपं घालून खालची गाठ वर काढली. काळपट, हरभऱ्याएवढी. "वरनं उपटलास तर ह्यो खाली ऱ्हातोय. आठ दिसांत पुन्ना वर. गाठ आली तरच भांगलण, न्हाईतर नुसती हजामत."

बारापर्यंत मी दोन वाफे केले. आक्कांचे सात झाले होते. त्यांचं वय मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, की कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या 'शेळ्या वळायच्या वयाच्या' होत्या. तो १९६७ चा. आपापला हिशेब करावा.

जेवण बांधावर, आंब्याखाली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ताक, हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी आणि खर्डा. हरभऱ्याचे शेंडे वहिनींबरोबर मीच खुडले होते. त्या पाल्यावर जी आंब असते ती बोटांना लागते, आणि भाकरी मोडताना पहिला घास आपोआप आंबट लागतो. खर्ड्यात आज नेहमीपेक्षा जास्त लसूण होता. कोवळा, पातीसकट ठेचलेला. मी घास घेतल्यावर आक्का म्हणाल्या, "तूच काढलाईस, खा." सगळे हसले. मीही हसले, पण डोळ्यांतनं पाणी आलं ते मिरचीनं.

हाताला दोन फोड आले होते. मातीशी नातं, निसर्गाच्या कुशीत असलं जे आपण वाचत असतो, ते लिहिणाऱ्यानं एक वाफा लव्हाळा काढून मग लिहावं. दिवसभरात मी दोनच फोटो काढले. हात चिखलात असताना फोनला कोण शिवणार?

जेवता जेवता दादा बोलले, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. सेंद्रियकडे ते आरोग्यासाठी किंवा कुणाचं भाषण ऐकून वळलेले नाहीत. त्यांची बहीण शिरोळ तालुक्यात दिलेली. तिकडे वर्षानुवर्षं उसाला वारेमाप पाणी आणि पोत्यानं खत देऊन जमिनी क्षारपड झाल्यात. उन्हाळ्यात बहिणीच्या रानात मीठ सांडल्यासारखा पांढरा थर दिसतो, तिथं काही म्हणता काही उगवत नाही. "ते बघून पोटात गोळा आला," म्हणाले. पहिली दोन वर्षं उसाचं टनेज निम्म्यावर आलं. भावकीनं वेड्यात काढलं. आक्का वर्षभर नीट बोलल्या नाहीत. "आता किती पडतं?" मी विचारलं. "आधीएवढं न्हाई पडत. खोटं कशाला सांगू? पण खताची उधारी न्हाई."

प्रमाणपत्र त्यांच्याकडे पीजीएसचं आहे, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायच्या पद्धतीचं. त्यात बाहेरचा तपासनीस नसतो. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांची रानं एकमेकांनी तपासायची. रासायनिककडून सेंद्रियकडे पालटाच्या वर्षांत 'पीजीएस-ग्रीन', पुढे 'पीजीएस-ऑरगॅनिक'. मी म्हटलं, हा तर कागदावरचा पैराच झाला. दादा म्हणाले, "पैरा बरा. पैऱ्यात फारम भरायला लागत न्हाई."

मग गुळाचं निघालं. दहा-पंधरा गुंठ्यांचा ऊस ते कारखान्याला घालत नाहीत. ओळखीच्या गुऱ्हाळात त्याचा स्वतःचा गूळ काढून घेतात. कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, नाव आहे. पण या नावाची एक गंमत आहे. गिऱ्हाईकाला गूळ पिवळाधमक लागतो, आणि तो तसा दिसावा म्हणून काही ठिकाणी काहिलीत हायड्रॉस पावडर पडते. दादांचा गुळव्या रस निवळायला रानभेंडीचा चीक वापरतो, बाकी काही नाही. गूळ होतो चॉकलेटी, मऊसर, कडेला जरासा पाझरणारा. अशा गुळाला यार्डात भाव पाडून मागतात, आणि तोच गूळ आमच्या गल्लीत 'ऑरगॅनिक' म्हणून जास्त पैशांनी जातो. मीच घेते. त्यामुळे या विषयावर फार तावातावानं बोलायचा हक्क मला नाही.

दुपारी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. २०० लिटरचं निळं बॅरल, १० किलो देशी गाईचं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, अशी माती जिच्यावर कधी औषध पडलेलं नाही. बाकी पाणी. शेण बादलीत हातानं कालवून घ्यायचं, गाठ राहू द्यायची नाही. मी हातमोजे आहेत का विचारणार होते. आक्का समोर बसल्या होत्या. नाही विचारलं. पहिल्यांदा हात घालताना जे काय वाटायचं ते वाटलं. दुसऱ्या मिनिटाला ते कोमट शेण फोडांना बरं वाटायला लागलं. बेसनाच्या गुठळ्या मात्र काही केल्या फुटेनात. शेवटी वहिनींनी पिठल्याला घेतात तसं आधी थोड्या पाण्यात भिजवून दिलं. काठीनं एकाच दिशेनं ढवळायचं, सकाळ-संध्याकाळ, दोन दिवस. आम्ही भरलेलं बॅरल मंगळवारी वापरायला येणार होतं. आज पाण्यातनं सोडायचं ते शुक्रवारचं. त्याचं झाकण काढल्यावर शिळ्या आंबिलीसारखा वास आला. शेणाचा मुळीच नाही, याचं मला नवल वाटलं.

एवढ्यात दादा ओरडले, "लाईट आली!" आणि पळाले. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीनं येते. या आठवड्यात दिवसपाळी होती म्हणून माझं नशीब. नाहीतर हेच काम रात्री दोनला, बॅटरी घेऊन, साप-विंचवातनं. मोटर सुरू झाली, पाटात पाणी आलं, त्यात बॅरलच्या तोटीची तांबूस धार पडायला लागली. मला फावडं देऊन उसाच्या सऱ्यांच्या तोंडाशी उभं केलं. सरी शेवटापर्यंत भिजली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं दारं मोडायचं. एवढंच.

एवढंच असलेलं काम मी कसं घालवलं ते सांगते. या रानात तोडणीनंतर पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवत नाहीत, एक आड एक सरीत अंथरतात. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते जाळायचं की कुजवायचं एवढाच प्रश्न. पाचटाखालनं जाणारं पाणी दिसत नाही, नुसती सळसळ ऐकू येते. मी ती सळसळ ऐकत, जोतिबाच्या डोंगराकडे बघत उभी राहिले. धुकं कधीच गेलं होतं आणि डोंगर कापून काढल्यासारखा स्वच्छ दिसत होता. इकडे सरी भरून वाहिली, कडेचा वरंबा फुटला आणि जीवामृताचं तांबूस पाणी नेपियरच्या बुडातनं शेजाऱ्याच्या उसात शिरलं. किती वेळ, कोण जाणे. पलीकडनं आवाज आला, "वो दादा! आमचा ऊसबी सेंद्रिय झाला म्हणायचा की आता!"

दादांनी धावत येऊन चार फावड्यांत वरंबा बांधला. मला बोलले काहीच नाहीत, त्यानं जास्त लाजल्यासारखं झालं. शेजारी बांधावर येऊन उकिडवा बसला, तंबाखू मळली. मग दोघांची पुराची गोष्ट निघाली. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत या रानाची खालची पट्टी पाण्याखाली होती. कोल्हापुरात पावसाळ्यात लोक पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या दोन्ही वर्षी पाणी पन्नाशीच्या पार गेलं. ओसरलं तेव्हा दादांच्या रानात गाळ, प्लॅस्टिक, आणि वरच्या सगळ्या रानांतनं धुऊन आलेलं जे काय असेल ते. "पूर आला की सगळ्यांचं पाणी एकच," शेजारी म्हणाला. "मग ह्यांचं सर्टिफिकेट काय पवत ऱ्हातंय?" दादा हसले, पण नंतर बराच वेळ गप्प होते.

पाचला काम थांबलं. पाय धुतले, चहा झाला. मी मेथीच्या दोन पेंढ्या, वांगी आणि गाजरं घेतली, वहिनी पैसे घेईनात. आक्का आतून म्हणाल्या, "घे की. भाजीचं पैसं येगळं, पैरा येगळा." मी पैसे दिले. कुंड्यांसाठी मी बांधावरची पिशवीभर माती मागितली, ती मात्र फुकट मिळाली. निघताना आक्का ओट्यावर येऊन बसल्या आणि माझा हिशेब मांडला. मी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासते, पण इतका चोख क्वचित बघितलाय. साडेनऊला आलीस. दोनदा फोनवर बोलत बसलीस. पाणी फोडलंस. पण शेण चांगलं कालवलंस. "पाऊण दिस धरतो. पाऊण दिस तुझा लागतोय आमाला."

मी हसून म्हटलं, "आक्का, ते राहू दे हो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गाडीला किक मारली.

फेब्रुवारीत एका गुरुवारी दादांचा फोन आला. "आक्का उद्या अंबाबाईला यायच्यात. दर्शन झालं की तुमच्यात येणार म्हणत्यात. पैरा फेडायला." मी ऑफिसात पोटदुखीचं कारण दिलं.

सकाळी नऊला दारात उभ्या. लिफ्टनं आल्या नव्हत्या, तीन मजले चढून आल्या होत्या. हातात देवीची ओटी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खुरपं. "काम काय हाय?" माझ्या घरात काम काय असणार! त्यांनीच शोधलं. स्वयंपाकघरातला दहा किलो गहू काढला, हॉलमध्ये चादर पसरून निवडला आणि 'दुकानदार फसवतोय तुला' म्हणत मूठभर खडे माझ्या हातावर ठेवले. मग गॅलरीत गेल्या. सहा कुंड्या. मेथीची एक बरी होती. वांग्याच्या दोन रोपांकडे बघून त्यांनी नुसता च्यक् असा आवाज केला आणि उकिडव्या बसल्या.

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक हिरवी काडी होती, खाली काळपट गाठ. मी तीन धारी दांडा बोटांत फिरवून बघितला.

"लव्हाळा!" मी म्हटलं. "हा इथं तिसऱ्या मजल्यावर कसा आला?"

"तू न्हेलीस त्या मातीतनं." त्यांनी गाठ पदराला पुसली आणि खुरप्याबरोबर कागदात गुंडाळली. घड्याळात तीन वाजले होते. मला वाटलं, आता उठतील. त्या दुसऱ्या कुंडीकडे सरकल्या. "ह्येचा येळ धरायचा न्हाई. ह्यो आमचाच हाय."